हं... पुढं?

दुपारी अडीच ते चार ही वेळ आमच्या घरात देवपूजेहून पवित्र मानली जाते. त्या वेळात बेल वाजवणाऱ्याला आमची ही दार उघडते, पण माफ करत नाही. अशाच एका रविवारी मटकीची उसळ आणि वर भांडंभर ताक पोटात जागा धरत असताना डोक्यावरचा स्लॅब वाजायला लागला. धप्, टाक्. धप्, टाक्. वरच्या फ्लॅटमध्ये लातूरकडची तीन मुलं भाड्यानं राहतात. एरवी गरीब पोरं. पाण्याची मोटर बंद करायला विसरतात, एवढाच काय तो गुन्हा. पंधरा मिनिटं सोसलं. मग लुंगी सोडून पायजमा चढवला, चेहरा सोसायटीच्या चेअरमनसारखा केला आणि जिना चढलो.

बेलकडे बोट नेलं आणि तिथंच थबकलो. आत कुणी गात नव्हतं, बोलत होतं. ठेक्यावर, पण बोलतच होतं. जेवण झाल्यावर ओट्यावर पाय सोडून बसलेला माणूस बोलतो तसं, कसलीच घाई नसल्यासारखं. इंग्रजी होतं. पाचातला एक शब्द कळत होता. पण डोंबिवलीच्या चाळीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला भिंतीपलीकडचं प्रकरण कळायला भाषा लागत नाही. एक पोरगा पळत होता. पोलीस मागे होते. मध्येच एक गाडी आली आणि कुठंतरी धडकली. सांगणारा अधूनमधून आवाज बदलून दुसऱ्याच कुणाचं तरी बोलत होता. बेलपाशी बोट तसंच धरून मी दोनेक मिनिटं उभा असेन. एवढ्यात दार उघडलं. कचऱ्याची पिशवी घेऊन निघालेला मुलगा मला बघून इतका दचकला, की त्यानं आधी आत धाव घेऊन गाणं बंद केलं आणि मग सॉरी म्हणायला परत आला.

‘सॉरी काका. लई मोठा आवाज झाला का?’

‘ते असू दे,’ मी म्हणालो. ‘त्या पोराचं काय झालं?’

‘कुठल्या पोराचं?’

‘तो पळत होता तो.’

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. ‘मेला काका.’

‘अरेरे,’ मी म्हणालो आणि चपला काढून आत गेलो.

त्यानं गाणं पहिल्यापासून लावलं. नाव ‘चिल्ड्रन्स स्टोरी’. सांगणारा स्लिक रिक. १९८८ मधला त्याचा पहिलाच अल्बम. हा मनुष्य जन्मला लंडनमध्ये, आईबाप जमैकाचे, वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. तान्हा असताना काच लागून एक डोळा गेला, म्हणून डोळ्यावर पट्टी; आणि बोलण्यात तो विलायती ठसका. गाण्याची सुरुवात अशी, की घरातली मुलं रिककाकाला झोपताना गोष्ट सांगायचा हट्ट करतात. काका म्हणतो बरं, आणि सुरू करतो. त्यातला पोरगा अवघा सतरा वर्षांचा. कुणाच्या तरी नादानं लुबाडायला लागतो, एकदा साध्या कपड्यातल्या पोलिसावरच हात टाकतो आणि मग जी पळापळ सुरू होते ती संपते तेव्हा त्यानं बंदूक खाली टाकलेली असते. तरीही गोळी लागते. आणि हे सगळं कुठल्या सुरात? ससा-कासवाच्या! आवाज कुठं चढत नाही, गळा कुठं दाटत नाही. मुलांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत करत काकानं एक खून सांगितला आणि दिवा मालवला.

मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या गोष्टी वाचायचे मला पैसे मिळत, त्यामुळे गोष्ट आवडण्याची सवय फार लवकर गेली. पण त्या दुपारी जिन्यात जे झालं ते पन्नासेक वर्षांनी झालं. ‘मग पुढं?’ असं आतून वाटलं.

सुट्टीत आम्ही कराडजवळ आजोळी जायचो. दिवे गेले की आजी गोष्ट सांगायला बसायची आणि तिचा एकच नियम होता. ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं. ‘हं म्हन की रं, न्हायतर गोष्ट वाट चुकती.’ हा हुंकार दर वाक्याला लागे. झोपेत हं म्हणण्याची कला आम्ही पोरांनी लवकरच कमावली होती, पण आजीकडे त्यावर तोड होती. ऐन रंगात, सूर तसूभरही न बदलता ती म्हणायची, ‘आन् मग राजानं हत्ती गिळला.’ जो हं म्हणेल त्याच्या पाठीत धपाटा. मी हा हत्ती उन्हाळ्यातून किमान दहा-बारा वेळा गिळू दिलेला आहे.

मुलाला हे सांगितलं तर तो उडालाच. ‘काका, बीट म्हणजे तेच की! आजीचा हं आहे तो. टाक्. टाक्.’

इंजिनीअरिंगला असलेल्या मुलानं आजीच्या हुंकाराला ड्रम म्हणावं, हे आधी मला पटलं नाही. मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पटलं. त्या ‘टाक्’मध्ये काहीही अर्थ नसतो. तो फक्त सांगणाऱ्याला कळवत असतो की चालू दे, कुणीतरी आहे.

त्यानंतर आमचा रविवारचा परिपाठच बसला. मुलगा खाली यायचा, ही त्याला पोहे द्यायची आणि तो मोबाईल टेबलावर उभा करून मला एकेक गोष्ट ऐकवायचा. एक अडचण होती. या गाण्यांत शिव्या फार. मुलगा संस्कारी. शिवी आली की तो खोकायचा. एका गाण्यात तो इतका खोकला की ही आतून सुंठ-गवती चहाचा काढा घेऊन आली आणि समोर बसून प्यायला लावला. पुढच्या रविवारपासून त्यानं खोकणं सोडलं. मीही न ऐकल्यासारखं करायला शिकलो. मुद्रितशोधकाला ओळी गाळण्याचा सराव असतो.

त्याच्याकडून कळलं ते असं. रॅपचा हिशेब बारमध्ये. एका बारमध्ये चार ठोके, एका कडव्याचे साधारण सोळा बार. सोळा चोक चौसष्ट. मिनिटाला नव्वद ठोके धरले तर एक कडवं त्रेचाळीस सेकंदांत खलास. अशी तीन कडवी म्हणजे दोन मिनिटं आणि चिल्लर. एवढ्यात माणूस आणायचा, अडकवायचा, सोडवायचा किंवा मारायचा. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये एक स्नेही आहेत. त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची गोष्ट गेली दोन वर्षं चालू आहे आणि अजून भूलतज्ज्ञ आलेला नाही.

पण रॅप काही पहिल्या दिवशी गोष्ट सांगायला बसलं नाही, हेही त्यानंच सांगितलं. जन्मतारीख सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३. जागा ब्राँक्समधली १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. तिनं इमारतीचा हॉल घेऊन पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातला जो तुकडा ऐकून लोक जास्त नाचतात तोच दोन तबकड्यांवर लांबवत न्यायची त्याची युक्ती. आणि त्याचा दोस्त कोक ला रॉक माईकवरून काय करायचा? तर समोर आलेल्या मित्रांची नावं पुकारायचा. बस्स. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या मांडवात ‘वरपक्षाकडील मंडळींनी पहिल्या पंगतीला बसून घ्यावे’ म्हणणारा जो असतो, तोच की हा. फरक एवढाच, की आपला पंगत उठल्यावर घरी गेला आणि त्यांच्याकडचा माईक सोडायला तयार होईना.

पहिलं मोठं गाजलेलं रेकॉर्ड १९७९ चं, शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’. पूर्ण ऐकलं तर चौदा मिनिटांच्या वर. बाकी सगळा नाचण्याचा आणि बढाईचा मामला, पण मध्येच एक गोष्ट येते. मित्राकडे जेवायला गेलेला माणूस. जेवण बेकार. कोंबडी लाकडासारखी लागतेय आणि घरचे आग्रह करकरून वाढतायत. आता नाही कसं म्हणायचं? मी मुलाला ते तीन वेळा लावायला सांगितलं. न्यू जर्सीत ध्वनिमुद्रित झालेला हा प्रसंग मी हिच्या मावसबहिणीकडे अळूच्या फदफद्याच्या संदर्भात स्वतः भोगलेला आहे. त्याच गाण्यात एक चोरीही आहे. बिग बँक हँकनं आपली कडवी ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरच्या वहीतून उचलली, आणि उचलताना इतकी प्रामाणिक उचलली, की कॅझनं स्वतःचं ‘कॅसानोव्हा’ हे नाव जिथं अक्षरं सुटी करून सांगितलं होतं तेही तसंच म्हणून टाकलं. शेजारच्याचा पेपर उतरवताना त्याचा सीट नंबरही उतरवावा, त्यातला प्रकार. छापखान्यात मी असतो तर ही चूक जाऊ दिली नसती.

पुढं १९८२ मध्ये ‘द मेसेज’ आलं आणि फुटक्या काचा, वसुलीवाल्यांचे फोन, घराबाहेरची घाण हे सगळं गाण्यात राहायला आलं. ते मोठं गाणं आहे, सगळे सांगतात. पण मला गोष्टीत वर्णनापेक्षा लफडं जास्त लागतं, हा माझा चाळकरी स्वभाव.

लफडं पाहिजे असेल तर नोटोरियस बी.आय.जी. याचं ‘आय गॉट अ स्टोरी टू टेल’ ऐकावं. हिला आत पाठवून ऐकावं. भानगड एवढीच, की हा परक्याच्या घरात परक्याच्या बाईकडे आणि घरचा धनी, चांगला उंचापुरा बास्केटबॉलपटू, वेळेआधी परत. आता? हा तोंड बांधून चोर होतो आणि खरोखरची लूट घेऊन निघून जातो! पण मजा त्यात नाही. गाणं संपल्यावर ठेका चालू राहतो आणि हा तीच हकिगत मित्रांना पुन्हा सांगायला बसतो. यमक नाही, बार नाही, नुसतं आपलं बोलणं. मित्र हसतायत, मध्ये तोंड घालतायत, काय म्हणतोस, मग? तोच ऐवज एकदा इस्त्री करून आणि एकदा चुरगळलेला. मी मुद्रितं तपासताना नेहमी मूळ हस्तलिखित शेजारी ठेवत असे. या पठ्ठ्यानं दोन्ही एकाच तबकडीत दिली. आणि हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो बाहेर आला २५ मार्च १९९७ ला. त्याआधी सोळा दिवस, ९ मार्चला, त्याला कुणीतरी गोळ्या घातल्या होत्या. वय चोवीस. लोकांनी ते हसणं ऐकलं तेव्हा हसणाऱ्यांतला मुख्य माणूस नव्हता.

‘आता एक असं ऐका,’ मुलगा एकदा म्हणाला, ‘ज्यात कुणीच हं म्हणत नाही.’

ते एमिनेमचं ‘स्टॅन’, सन २०००. पत्रांची गोष्ट. स्टॅन नावाचा एक चाहता आपल्या लाडक्या गायकाला पत्र लिहितो. मागे पाऊस आणि कागदावर खरखरणारी पेन्सिल ऐकू येते. उत्तर नाही. दुसरं लिहितो, जरा रागावून. उत्तर नाही. तिसऱ्या खेपेला लिहितच नाही. भरधाव गाडीत बसून टेपरेकॉर्डरवर बोलतो, आणि काय करायला निघालाय ते हळूहळू आपल्या लक्षात यायला लागतं. माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, त्या काट्यातही माझ्यातला मुद्रितशोधक जागा होता. मी समासात खूण केली: हा मरणार, मग ही टेप पोस्टात टाकणार कोण? आणि त्याच क्षणी स्टॅनच्या तोंडून तेच! अरेच्चा, आता ही पाठवू कशी? लेखकानं माझी शंका माझ्याआधी वाचली होती. चौथं कडवं म्हणजे गायकाचं उत्तर. आपुलकीचं, दोन समजुतीचे शब्द सांगणारं, उशीर झाला त्याबद्दल माफी मागणारं. लिहिता लिहिता त्याला टीव्हीवर पाहिलेली एक बातमी आठवते आणि पेन थांबतं. पत्रास कारण उरत नाही.

वेड्या चाहत्याला अमेरिकेत आता ‘स्टॅन’च म्हणतात, मेरियम-वेबस्टरच्या कोशात २०१९ मध्ये तो शब्दही चढला. कोशात जायला आपल्याकडच्या शब्दांना किती वाट बघावी लागते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे थोडं वाईटही वाटलं.

त्या रात्री मी हिला विचारलं, ‘मी बोलतो तेव्हा तू ऐकतेस ना?’

‘हं,’ ही म्हणाली.

इथं मराठी वाचकाच्या जिभेवर एक वाक्य केव्हापासून वळवळत असणार, की रॅप म्हणजे आपला पोवाडाच. मी ते टाळत आलोय. विमानापासून पिझ्झ्यापर्यंत सगळं आपल्याकडे आधीच होतं, या यादीत आणखी एक कशाला? पण एक माणूस मात्र दोन्हीकडे सापडतो. शाहिराच्या मागे उभा राहून ‘जी जी’ करणारा झीलकरी. रॅपमध्ये त्याला हाईप मॅन म्हणतात. पब्लिक एनिमी या चमूत फ्लेवर फ्लेव्ह नावाचा एक आहे. गळ्यात भिंतीवरच्याएवढं घड्याळ अडकवून मुख्य गायकाच्या बाजूनं ओरडत असतो. गोंधळ्याच्या आख्यानातही तो असतो, मध्येच वेड्यासारखे प्रश्न विचारणारा साथीदार. लोकांना वाटतं तो विनोदाला ठेवलाय. तो नसला तर मुख्य गोंधळी राजाला अरण्यात सोडून चहाला जाईल.

केंड्रिक लमारकडे आम्ही दिवाळीच्या सुमाराला आलो. ‘गुड किड, मॅड सिटी’, २०१२. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एका पोराच्या भरकटण्याची अख्ख्या अल्बमभर पसरलेली गोष्ट. वेष्टनावरच लिहिलंय की हा लघुपट आहे. त्यात गाण्यांच्या अधेमधे पोराच्या आईबापाचे फोनवर ठेवलेले निरोप येतात. आई म्हणतेय, माझी गाडी आण परत. बापाला आपल्या डॉमिनोच्या सोंगट्या हव्यात. त्या बाईचा आवाज सुरू झाल्याबरोबर ही हात पुसत बाहेर आली.

‘कोण ओरडतंय हो?’

‘अमेरिकेतली एक आई. मुलगा गाडी घेऊन गेलाय, अजून आला नाही.’

‘मग बरोबर आहे तिचं,’ ही म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. पुढचा पाऊण तास उठली नाही. रॅपमधलं तिला काय कळलं ते माहीत नाही, पण शेवटी, ‘आली का गाडी परत?’ एवढं तिनं विचारलं. मला जिन्यातला मी आठवलो.

आणि मग बिस्किटांची गोष्ट. ही मी आता सगळ्यांना सांगतो, फिरण्याच्या ग्रुपमध्येही सांगितली, हर्निया मध्ये थांबवून. केंड्रिकचा ‘डॅम’ हा अल्बम २०१७ चा. याला पुढच्या वर्षी संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुठल्या संगीताला ते तोवर मिळालं नव्हतं. त्यातलं शेवटचं गाणं ‘डकवर्थ’. केंड्रिकचं आडनाव. त्याचे वडील, लोक त्यांना डकी म्हणत, केएफसीच्या दुकानात खिडकीवर काम करायचे. अँथनी नावाचा एक आडदांड गडी तिथं यायचा. यानं ते दुकान पूर्वी एकदा लुटलेलं, पुन्हा लुटायचा बेत. डकीला त्याची कीर्ती ठाऊक होती. ते काय करायचे? अँथनी रांगेत दिसला की त्याला फुकट चिकन आणि वर दोन बिस्किटं जास्त. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पार्ले-जी उभं राहिलं आणि मला कळेना, की दरोडेखोर दोन पार्ले-जीवर कसा फुटला! मग मुलानं सांगितलं, तिकडे बिस्किट म्हणजे लोण्यातला मऊ पाव. तरी माझ्या डोक्यातून ती कागदाची पिवळी पुडी जात नाही. असो. लूट झाली तेव्हा डकीच्या केसालाही धक्का लागला नाही. वर्षं गेली. अँथनी टिफिथ ऊर्फ टॉप डॉग यानं संगीताची कंपनी काढली आणि कॉम्प्टनमधला एक हुशार पोरगा करारानं बांधला. तो डकीचा मुलगा. कुणालाच माहीत नाही. उलगडा झाला तो बाप आणि धनी समोरासमोर आले तेव्हा.

हे असं मी कादंबरीत वाचलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. योगायोगाला काही मर्यादा? पण तो ते ज्या रीतीनं सांगतो! शेवटी म्हणतो काय, की समजा अँथनीनं त्या दिवशी डकीला मारलंच असतं, तर तो तुरुंगात सडला असता आणि मी बापाविना वाढून कुठल्या तरी गोळीबारात गेलो असतो. लगेच गोळीचा आवाज. आणि टेप उलटी फिरायला लागते. सगळा अल्बम मागे मागे पळतो आणि पहिल्या वाक्यापाशी येऊन थांबतो.

मुलगा त्या दिवशी पोहे न खाता गेला. दोन दिवसांनी वही घेऊन आला. ‘काका, मी पण लिहितो.’

मला हे अपेक्षित होतं. मुंबईच्या पोरांनी हे केव्हाच सुरू केलंय. कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ केलं, पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आलं, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा. आरेच्या जंगलासाठी ‘स्वदेसी’ या चमूनं प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, त्यात मराठी कडाडतं. पण या मुलाच्या वहीत होत्या बंदुका. लातूरच्या पोरानं बंदूक पाहिली असेल ती दसऱ्याच्या जत्रेत, फुगे फोडायची.

‘तुझ्याबरोबर खरंच काही झालेलं नाही का?’

‘काय होणार काका? कॉलेज, मेस, लोकल.’

‘लोकलमध्ये?’

मग कळलं. एका रात्री ठाण्याहून येताना त्याला डबल फास्ट झोप लागली. जाग आली ती कल्याणला. धडपडत उतरला, तर एक चप्पल डब्यातच राहिली आणि गाडी कसाऱ्याकडे निघून गेली. फलाटावर टीसी. पास डोंबिवलीपर्यंतचा. दंड अडीचशे रुपये आणि वर भाडं. खिशात एकशेऐंशी.

‘हे लिही!’ मी ओरडलो. स्टॅनलाही एवढं ओरडलो नव्हतो.

आठ दिवसांनी लिहून आणलं. कल्याणला उतरलो, जिन्यावर घसरलो, चप्पल विसरलो, फलाटावर पसरलो. मी पेन्सिल काढली. ‘घसरलास? पसरलास?’

‘नाही काका. पण यमक...’

तिथं मला मराठीचा हा जुना रोग कळला. आपलं क्रियापद वाक्याच्या शेपटाला आणि गोष्ट नेहमी भूतकाळात. मग ओळी आपसूकच जुळतात: आला, गेला, मेला, उतरलो, विसरलो. यमक फुकट मिळतं, आणि रॅपवाले फुकटच्या यमकाला हसतात. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जातं, ओळीचं टोक मोकळं राहतं, तिथं त्यांना वस्तू ठेवता येते, माणूस ठेवता येतो. दोन दिवस मी या चिंतेत होतो. तिसऱ्या दिवशी हिनं खिडकीतून ओरडून सांगितलं, ‘अहो, गेला बघा दूधवाला पिशवी न टाकता!’ आणि प्रकाश पडला. बोलताना आपण कुठं क्रियापद शेवटी ठेवतो? गेला बघा दूधवाला. मारली ना त्यानं दांडी. फसला तो बिचारा. घाईत, रागात, गोष्टीत मराठी क्रियापद उडी मारून पुढं येतं. शेवटी ते शाळेत ठेवतात.

मुलाला बोलावून सांगितलं. तो तिथंच सोफ्यावर बसला, बोटं मोजत ओठ हलवत राहिला आणि म्हणाला:

‘उभा मी एका चपलेत, टीसी पुढ्यात,
दुसरी निघाली कसाऱ्याला, बसून डब्यात.’

चप्पल बसून गेली, हे मला इतकं आवडलं की मी पेन्सिल खिशात ठेवली.

परवा त्याला पूर्ण गाणं म्हणून बघायचं होतं. खोलीतली दोघं गावी गेलेली. ‘काका, तुम्ही फक्त हं द्या,’ तो म्हणाला आणि मोबाईलवर ठेका लावला. धप्, टाक्. धप्, टाक्. मी मांडी ठोकली आणि जोरात हं म्हणालो. तो अडखळला.

‘काका, तुम्ही एकवर देताय. टाक् दोनवर आहे. दोन आणि चार.’

पुन्हा सुरू. पुन्हा एकवर. माझं सगळं आयुष्य भजनात समेवर टाळी देण्यात गेलेलं, हात आपोआप तिथंच पडतो. चार वेळा प्रयत्न झाला. पाचव्या खेपेला मी गप्प बसलो आणि तो एकटाच म्हणायला लागला. ठाणं गेलं, डोंबिवली झोपेत गेली, कल्याण आलं, आणि मला ऐकू आलं की हं येतोय. अगदी टाक्वर. दोनवर, चारवर, पुन्हा दोनवर. स्वयंपाकघरातून. आमची ही मेथी निवडत बसली होती, पाठ आमच्याकडे, आणि तेहतीस वर्षांच्या सवयीनं हुंकार देत होती.

‘काकू, एकदम बरोब्बर!’ मुलगा आनंदानं ओरडला, पण थांबला नाही. चप्पल कसाऱ्याकडे निघाली. टीसीनं पावतीपुस्तक काढलं. मी जरा पुढं झुकलो आणि ठेका न मोडता, त्याच सुरात म्हणालो, ‘आणि मग राजानं हत्ती गिळला.’

‘हं,’ आतून आवाज आला. चारवर.